क्षम्य म्हणजे काय ?



वर्तमानपत्र उघडलें कीं एक शब्द आपल्याला हटकून भेटतो. तो शब्द म्हणजे ‘अक्षम्य’. अक्षम्य हलगर्जीपणा, अक्षम्य दिरंगाई, अक्षम्य दुर्लक्ष, अक्षम्य अपराध. पूल खचला, रुग्णालयांत आग लागली, प्रश्नपत्रिका फुटल्या, कीं अग्रलेखाच्या पहिल्या दोन वाक्यांतच हा शब्द येऊन बसलेला असतो. त्याचा सख्खा भाऊ जो ‘क्षम्य’, तो मात्र क्वचित् दिसतो. पुस्तकाच्या प्रस्तावनेच्या शेवटीं ‘मुद्रणदोष क्षम्य मानावे’ अशी विनंती, एकाद्या परीक्षणांत ‘पहिलाच प्रयत्न असल्यामुळें हा दोष क्षम्य आहे’ असा शेरा, एवढाच त्याचा संसार. नकाराचा शब्द गांवभर हिंडतो आणि होकाराचा घरांत बसतो, अशा जोड्या भाषेंत आणखीहि आहेत. ‘अविस्मरणीय’ समारंभ दर आठवड्याला होतात. ‘विस्मरणीय’ समारंभ झाला असें अजून कोणी छापलेलें नाहीं. परंतु क्षम्य शब्दाची गोष्ट थोडी निराळी आहे. काय क्षमा करण्याजोगें आहे, हें ठरविल्यावांचून काय क्षमा न करण्याजोगें आहे, हें ठरणार कसें ? म्हणून आज त्या घरांत बसलेल्या भावालाच थोडा वेळ ओसरीवर बोलवावें असा माझा विचार आहे.

प्रथम व्याकरण, तें थोडक्यांत. ‘क्षम्’ या संस्कृत धातूला ‘य’ प्रत्यय लागून ‘क्षम्य’ होतो. ‘गम्’वरून गम्य, ‘लभ्’वरून लभ्य, ‘रम्’वरून रम्य, तसाच हा. परंतु हा ‘य’ मोठा दुटप्पी आहे. लभ्य म्हणजे मिळूं शकेल असें. पूज्य म्हणजे मात्र पूजा करतां येईल असा नव्हे. पूजा केली पाहिजे असा. वध्य म्हणजे ज्याला मारणें शक्य आहे तो नव्हे. तसे तर आपण सारेच वध्य ठरूं. एकच प्रत्यय एका ठिकाणीं शक्यता सांगतो आणि दुसऱ्या ठिकाणीं कर्तव्य सांगतो. मग क्षम्य कोणत्या रांगेंत बसवावयाचा ? क्षमा करतां येईल असें तें क्षम्य, कीं क्षमा केली पाहिजे असें तें क्षम्य ? पहिल्या अर्थानें क्षमा करावयाची कीं नाहीं हें ज्याचें नुकसान झालें त्याच्या मर्जीवर राहतें. दुसऱ्या अर्थानें त्याची मर्जी संपते आणि त्यानें क्षमा न केल्यास उलट तोच दोषी ठरतो. घराघरांतून ‘अहो, एवढी गोष्ट क्षम्य आहे’ असें जेव्हां वडीलधारीं माणसें म्हणतात, तेव्हां तीं बोलतात पहिल्या अर्थानें, पण त्यांना अभिप्रेत असतो दुसरा. या शब्दाचें सारें राजकारण या एका अक्षरांत आहे.

आतां धातूकडे पाहूं. ‘क्षम्’ याचा मूळ अर्थ सोसणें, आणि सोसण्याचें बळ असणें. म्हणूनच कार्यक्षम, सक्षम, अक्षम हे शब्द त्याच घराण्यांतले. पृथ्वीलाहि ‘क्षमा’ असें नांव आहे, कारण ती सर्व कांहीं सोसते. तेव्हां संस्कृत क्षमेंत ओझें नाहींसें होत नाहीं. तें उचलणारा समर्थ असतो, एवढेंच. आपण रोजच्या बोलण्यांत वापरतों तो ‘माफ’ शब्द अरबी मुळाचा, आणि त्या मुळांत पुसून टाकण्याचा अर्थ आहे. क्षमेंत सोसणें आहे, माफींत पुसणें आहे. लॅटिन भाषेंत ‘व्हेनिया’ म्हणजे कृपा, अनुग्रह. ज्या मुळापासून संस्कृतांतील ‘वन्’, म्हणजे इच्छिणें, प्रेम करणें, हा धातु आणि रोमन लोकांची व्हीनस देवी निघाली, त्याच मुळाचा हा शब्द. इंग्रजींत क्षम्य दोषाला ‘व्हेनियल’ म्हणतात तें त्यावरून. तेथें ओझें नाहीं, पाटीहि नाहीं. समोरचा प्रसन्न झाला, एवढेंच आहे.

अपराधाच्या बाजूचे शब्द तर याहूनहि मनोरंजक आहेत. ‘राध्’ म्हणजे साधणें, सिद्ध होणें. ‘अप’ लागला कीं साधतां साधतां निसटणें, नेम चुकणें. ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला त्या धनुर्धराला अमरकोशांत ‘अपराद्धपृषत्क’ असें लांबलचक नांव आहे. अरबींतील ‘खता’ या शब्दाच्या मुळाशीं निशाण चुकण्याचाच अर्थ आहे. ग्रीक भाषेंत अ‍ॅरिस्टॉटलनें शोकांतिकेच्या नायकाविषयीं जो ‘हमार्तिया’ शब्द योजला, त्याचेंहि मूळ तेंच. एकमेकांपासून इतक्या दूरच्या भाषांनीं हा शब्द तिरंदाजीच्या मैदानावरूनच उचलावा, हें पाहून मला नेहमीं नवल वाटतें. नेम चुकला असें म्हणावयाचें, तर नेम योग्य जागीं धरला होता हें आधीं मान्य करावें लागतें. या अर्थानें पाहिलें तर अपराध हा शब्द जन्मतःच क्षम्य आहे. ज्यानें बाण जाणूनबुजून शेजाऱ्याच्या छातीवर सोडला त्याचा नेम चुकला नाहीं. तो बरोबर लागला. त्याच्यासाठीं भाषेला दुसरे शब्द शोधावे लागले.

मराठींत असे शब्द पुष्कळ आहेत आणि क्षम्य हें विशेषण त्यांपैकीं कोणाच्या पंक्तीला बसतें हें पाहण्यासारखें आहे. चूक क्षम्य, प्रमाद क्षम्य, दोष क्षम्य, हें सहज चालतें. अपराध क्षम्य म्हणतांना जीभ थोडी अडखळते. गुन्हा क्षम्य कोणी म्हणत नाहीं. गुन्हा माफ होतो. आणि पाप तर ना क्षम्य ना माफ. पाप धुवावें लागतें किंवा फेडावें लागतें. ‘कोठें फेडाल हीं पापें ?’ असा आपला प्रश्न असतो. ‘कोण क्षमा करील हीं पापें?’ असा नसतो. पाप हें आपल्या भाषेनें कर्जाच्या वहींत मांडलें आहे. उलट, एकाद्या लाडक्या माणसाविषयीं आपण म्हणतों, ‘त्याला सात खून माफ’. सात खून क्षम्य असें म्हणून पाहा. विनोद तर नाहींसा होतोच, पण अंगावर कांटा उभा राहतो. माफ हा शब्द माणसाला चिकटतो, क्षम्य हा कृत्याला. खुनांचा हिशेब माफ होऊं शकतो. पण खून क्षम्य आहे म्हणणें म्हणजे खुनाविषयींच मत देणें होय.

आणखी दोन शब्द सांगितल्याविना राहवत नाहीं, कारण ते आतां नाहींसे होत चालले आहेत. एक ‘तकसीर’, दुसरा ‘आगळीक’. तकसीर अरबी, तिच्या मुळांत कमी पडण्याचा अर्थ आहे. जें करावयास हवें होतें त्यांत उणें पडलें ती तकसीर. आगळीक अस्सल मराठी. ‘आगळा’ म्हणजे अधिक, मापापेक्षां जास्त. जेवढें करावयाचें त्याच्या पलीकडे हात गेला ती आगळीक. म्हणजे एक उण्याचा दोष, एक अधिकाचा. आणि आपले कीर्तनकार, वक्ते, लग्नांतले यजमान शेवटीं काय म्हणतात ? ‘कांहीं अधिकउणें बोललों असेन तर पोटांत घालावें.’ या तीन-चार शब्दांत तकसीरहि आली, आगळीकहि आली, आणि दोहोंवर उपाय म्हणून मराठीनें स्वतः घडविलेला ‘पोटांत घालणें’ हा प्रयोगहि आला. या प्रयोगांत आई आहे. लेकराचा अपराध ती पोटांत घालते आणि बापाला कळूं देत नाहीं. वस्तु दिसेनाशी होते. नाहींशी होते कीं नाहीं हें तिचें तिला ठाऊक. याच्या शेजारीं ‘खपवून घेणें’ हा प्रयोग ठेवा, म्हणजे फरक ध्यानांत येईल. त्यांत दुकानांतला माल आहे, आणि घेणाऱ्याचें तोंड कडू आहे. मंत्र्यांच्या भाषणांत हल्लीं कोणतीहि गोष्ट ‘खपवून घेतली जाणार नाहीं’ ती याच कारणानें. पोटांत घालण्याची भाषा त्यांना शोभली नसती.

आतां आपण महाभारताकडे जाऊं, कारण क्षम्य या शब्दाची खरी परीक्षा तेथें झाली आहे. ‘त्याचे शंभर अपराध भरले’ असें आपण अजून म्हणतों. कथा सर्वांच्या ओळखीची आहे. चेदीच्या राजघराण्यांत तीन डोळ्यांचें, चार हातांचें मूल जन्मलें. ज्याच्या मांडीवर बसवितांच त्याचे जादा हात गळतील आणि तिसरा डोळा मावळेल, त्याच्याच हातून त्याला मरण येईल, अशी वाणी झाली. श्रीकृष्णाच्या मांडीवर तसें घडलें. मुलाची आई कृष्णाची आत्या. तिनें भाच्याजवळ पदर पसरला, आणि कृष्णानें वचन दिलें कीं तुझ्या मुलाचे शंभर अपराध मी सोशीन. पुढें राजसूय यज्ञांत अग्रपूजेच्या वेळीं शिशुपालानें भर सभेंत कृष्णाची निर्भर्त्सना केली, शंभराची मर्यादा संपली, आणि सुदर्शनानें काम केलें.

सभापर्वांत कृष्णाच्या त्या वचनांत जो शब्द आला आहे तो क्षम्य याचेंच रूप आहे: ‘क्षाम्य’. आणि त्याला लागूनच त्या अपराधांना दुसरें विशेषण दिलें आहे: ‘वधार्ह’. माझ्या मतें या विषयांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. आपण सहज समजतों कीं लहान तें क्षम्य आणि मोठें तें अक्षम्य. कृष्ण म्हणतो कीं हे अपराध वधाला पात्र असतील, आणि तरीहि ते क्षाम्य आहेत. क्षम्यपणा अपराधाच्या वजनांत नाहीं. तो आत्येला दिलेल्या शब्दांत आहे.

परंतु येथेंच एक अडचण उभी राहते. शंभर मोजले म्हणजे क्षमा केली का ? पुसून टाकलेली गोष्ट मोजतां येत नाहीं. सभेंत कृष्ण राजांपुढें जुने अपराध एकेक करून सांगतो: आम्ही प्राग्ज्योतिषाला गेलों असतां यानें द्वारका जाळली, वसुदेवाच्या अश्वमेधाचा घोडा पळविला, बभ्रूची पत्नी हरण केली. सारें लख्ख आठवत होतें. आपल्या महसूल खात्यांत दोन शब्द आहेत, ‘सूट’ आणि ‘तहकुबी’. पीक बुडालें तर सरकार एक तर सारा सोडून देतें, ती सूट. किंवा वसुली पुढें ढकलतें, ती तहकुबी. शेतकऱ्याला यांतला भेद कोणी समजावून सांगावा लागत नाहीं. १९१८ सालचा खेडा जिल्ह्यांतील सत्याग्रह त्या वर्षाची वसुली तहकूब व्हावी म्हणून झाला, सारा कायमचा सोडावा म्हणून नव्हे. शिशुपालाला मिळाली ती माझ्या समजुतीप्रमाणें तहकुबी होती, सूट नव्हती.

आणखी एक गोष्ट, जी कथेकरी सहसा बोलत नाहींत. ज्या अपराधांची ही क्षमा, ते सगळे कृष्णाचेच अपराध होते का ? द्वारका जळली तेव्हां घरें इतरांचीं जळलीं. बभ्रूची पत्नी पळविली गेली तेव्हां दुःख तिचें होतें. वचन कृष्णानें दिलें, आत्येचें समाधान झालें, आणि त्या वचनाची किंमत कांहीं अंशीं अशा माणसांनीं भरली ज्यांना कोणीं विचारलेंच नव्हतें. हा कृष्णावर आरोप करण्याचा माझा हेतु नाहीं. राजधर्मांत असे पेंच येतातच. पण क्षम्य हा शब्द उच्चारणारा आणि सोसणारा हे दोघे निरनिराळे असूं शकतात, हें त्या कथेंत स्पष्ट दिसतें.

याच महाभारतांत वनपर्वांत द्रौपदी युधिष्ठिराशीं वाद घालते. स्थळ द्वैतवन, भरसभेंतला अपमान अजून ताजा. युधिष्ठिराची क्षमा तिला असह्य झाली आहे, आणि ती एक जुना संवाद सांगते. बळीनें आपला आजा प्रह्लाद याला विचारलें, क्षमा श्रेष्ठ कीं तेज ? प्रह्लाद म्हणाला, नेहमीं क्षमा बरी नव्हे आणि नेहमीं तेजहि बरें नव्हे. सदा क्षमा करणाऱ्याचे नोकरचाकरच त्याचीं वस्त्रें, दागिने, वाहनें बळकावतात आणि वर त्याचा उपमर्द करतात. मग त्यानें क्षमेचे प्रसंग सांगितले. ज्यानें पूर्वीं उपकार केले त्याला क्षमा करावी. ज्याला समज नाहीं त्याला करावी, कारण शहाणपण सर्वांनाच कोठें मिळतें ? अजाणतां घडलेला अपराध नीट तपासून घेऊन क्षमा करावा. पण जाणूनबुजून करून वर ‘मला ठाऊक नव्हतें’ म्हणणारा जो कुटिल, त्याला अगदीं थोड्या अपराधासाठींहि सोडूं नये. प्रत्येकाचा पहिला अपराध क्षमा करावा. दुसरा लहान असला तरी शिक्षा करावी. आणि कधीं कधीं लोकांच्या भीतीनेंहि क्षमा करावी लागते, असेंहि हा व्यवहारी आजा सांगतो. मला तर हें शेवटचें वाचून त्याच्या प्रामाणिकपणाचें कौतुक वाटतें.

या यादींत एक मोठी मौज आहे, आणि ती नभोवाणीवर सांगण्यासारखीच आहे. पूर्वोपकारी माणसाविषयीं बोलतांना तेथें ‘अपराधे’ आणि त्यानंतर ‘गरीयसि’ असे शब्द येतात. गरीयस् म्हणजे अधिक जड. म्हणजे अपराध जड असला तरी उपकारकर्त्याला क्षमा करावी. परंतु संस्कृतांत एकाराच्या पुढें अकार आला तर तो लोपतो आणि लिहितांना अवग्रहाचें चिन्ह काढतात. तेव्हां तोच शब्द ‘अगरीयसि’ असाहि असूं शकेल; मग अर्थ झाला, अपराध फारसा जड नसेल तरच क्षमा करावी. किसारी मोहन गांगुली यांनीं १८८३ ते १८९६ च्या दरम्यान इंग्रजींत जें भाषांतर प्रसिद्ध केलें, त्यांत जड अपराधाचा अर्थ धरला आहे. पोथींत अवग्रह असेल नसेल. कानाला तर फरक मुळींच कळत नाहीं. मी आतां या ध्वनिक्षेपकासमोर ते दोन शब्द उच्चारले, तेव्हां मीं जड म्हटलें कीं हलकें, हें आपणांपैकीं कोणालाहि सांगतां यावयाचें नाहीं. क्षम्य आणि अक्षम्य यांच्यामधली भिंत एका न ऐकूं येणाऱ्या अकाराएवढी पातळ आहे !

धर्मशास्त्रांत मात्र क्षम्य नांवाचा वर्गच नाहीं. तेथें महापातकें आहेत, उपपातकें आहेत, आणि प्रत्येकाला प्रायश्चित्त आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत, हाडें नसलेला बारीक जीव मारल्यास एका प्राणायामानें शुद्धि होते असें सांगितलें आहे. पाप लहान तर प्रायश्चित्त लहान. पण फुकट कांहीं नाहीं. क्षमेचा मार्ग काढला तो भक्तांनीं. वैष्णवांच्या ग्रंथांत देवाच्या सेवेंत घडणारे बत्तीस अपराध मोजले आहेत, पादत्राणें घालून देवळांत जाण्यापासून देवाकडे पाठ करून बसण्यापर्यंत. आणि पूजेच्या शेवटीं क्षमापनाची प्रार्थना आहेच. रोमन कॅथॉलिक पंथानें याच्या उलट वाट घेतली आणि पापाचेच दोन वर्ग केले: आत्म्याला मारणारें पाप, आणि क्षम्य पाप. विषय गंभीर असावा, कर्त्याला पूर्ण ज्ञान असावें, आणि त्यानें बुद्धिपुरस्सर संमति दिलेली असावी. तिन्ही असतील तरच पहिला वर्ग. १२१५ सालच्या धर्मसभेनें वर्षांतून एकदां तरी पापनिवेदन सक्तीचें केलें, आणि ट्रेंटच्या धर्मसभेनें १५५१ साली असें ठरविलें कीं पहिल्या वर्गाचीं पापें एकेक करून सांगितलींच पाहिजेत. क्षम्य पापें न सांगितलीं तरी चालतील. गोमंतकांत आणि वसईच्या पट्ट्यांत ख्रिस्ती घरचीं मुलें हा भेद लहानपणींच शिकतात. प्रह्लादाची यादी समोरचा माणूस कोण हें विचारते. ही पद्धति कृत्य कसें झालें हें विचारते. मला वाटतें, न्यायालयाला दुसरी सोयीची आहे आणि घराला पहिली.

न्यायालयाचा विषय निघालाच आहे तर तिकडेहि डोकावूं. पेशवाईंत वाद जिंकणारा सरकारांत ‘हरकी’ भरीत असे आणि हरणारा ‘गुन्हेगारी’. म्हणजे गुन्हेगारी हें त्या काळीं वृत्तीचें नांव नव्हतें, रकमेचें होतें; आणि रक्कम म्हटली कीं ती माफ होऊं शकते. इंग्रजी अमदानींतला कायदा वेगळ्या वाटेनें गेला. १८६० च्या दंडसंहितेंतील ९५ वें कलम असें कीं, साधारण समजुतीचा आणि स्वभावाचा माणूस ज्याविषयीं तक्रार करणार नाहीं इतकी क्षुल्लक हानि झाली, तर तो अपराधच नव्हे. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेंत तें ३३ वें कलम झालें, आणि १ जुलै २०२४ पासून ती संहिता अमलांत आहे. येथें कोणी कोणाला क्षमा करीत नाहीं. गर्दींत पाय तुडविला गेला तर क्षमा करण्यासारखें कांहीं घडलेंच नाहीं, असें कायदा म्हणतो. सरकारी मराठींत आणखी एक शब्द रुळला आहे, ‘क्षमापित’. नोकरींत मध्यें खंड पडला तर ‘सेवाखंड क्षमापित’ करतात, अपिलाला उशीर झाला तर ‘विलंब क्षमापित’ करतात. सरकार काळाला क्षमा करतें, ही कल्पना मला तरी काव्यमय वाटते. ज्याला त्यासाठीं अर्ज करीत हिंडावें लागतें त्याला ती तशी वाटत नसेल.

विवाहाच्या कायद्यांत हाच प्रश्न फार नाजूक होतो. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याप्रमाणें, जोडीदाराचें क्रौर्य ज्यानें एकदां क्षमा केलें त्याला त्याच कारणावर घटस्फोट मागतां येत नाहीं. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयानें एका महाराष्ट्रीय दांपत्याच्या खटल्यांत या क्षमेचा अर्थ सांगितला. तिला दोन अंगें आहेत: अपराधाची क्षमा, आणि अपराध्याला पूर्वीच्या जागीं पुन्हां बसविणें. आणि ती सशर्त असते. पुढें पुन्हां तसाच अपराध घडला तर जुना जिवंत होतो. म्हणजे येथेंहि तहकुबीच. कोणी म्हणेल, ही कसली क्षमा ? परंतु विचार करा. जुना अपराध कायमचा पुसला गेला असता तर सोसणाऱ्यानें एकदां मन मोठें केल्याची शिक्षा त्यालाच झाली असती. मोजून ठेवण्यांत नेहमींच कृपणपणा असतो असें नाहीं. कित्येकदां दुर्बळाजवळ तेवढेंच शस्त्र असतें.

आणि येथें मीं मघांशीं म्हटलेला ‘य’ पुन्हां पुढें येतो. ‘मीं क्षमा केली’ या वाक्यांत करणारा आहे. ‘तें क्षम्य आहे’ या वाक्यांत करणारा कोठें आहे ? तो विशेषणानें गिळला. एका घरांत नवऱ्यानें बायकोवर हात टाकला. दुसऱ्या दिवशीं दोन्हीकडचीं वडील माणसें जमलीं, चहा झाला, आणि ठरलें कीं रागाच्या भरांत झालें, पहिलीच वेळ आहे, क्षम्य आहे. प्रह्लादाचे दोन्ही नियम लागू केले गेले: अविचारानें घडलें, आणि पहिलाच अपराध. पण प्रह्लाद ज्याला उपदेश करीत होता तो बळी स्वतः अपराध सोसणारा राजा होता. क्षमा करणें न करणें त्याच्या हातीं होतें. या बैठकींत जिला मार बसला ती स्वयंपाकघरांत चहाच्या कपबशा विसळीत होती. अशी बैठक आपण कोणीच पाहिली नाहीं असें नाहीं.

फौजदारी कायद्यांत तडजोडयोग्य अपराधांचें एक कोष्टक आहे. तें पूर्वीं दंड प्रक्रिया संहितेच्या ३२० व्या कलमांत होतें, आतां नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५९ व्या कलमांत आहे. कोष्टकाच्या एका रकान्यांत अपराध आहे आणि त्याच्याच बाजूच्या रकान्यांत तडजोड कोणीं करावयाची तें दिलें आहे: ज्याला दुखापत झाली तो, ज्याची बदनामी झाली तो, ज्याच्या मालमत्तेचें नुकसान झालें तो. इतक्या रुक्ष पानावर हा रकाना पाहून मला बरें वाटतें; विशेषणानें गिळलेला माणूस तेथें पुन्हां बाहेर काढून ठेवला आहे. नवऱ्यानें किंवा सासरच्यांनीं विवाहितेचा केलेला छळ मात्र त्या कोष्टकांत नाहीं. तिनें क्षमा केली असें सांगितलें तरी ती क्षमा तिचीच कशावरून, ही शंका त्यामागें असावी असें मी समजतों. यावर दोन्ही बाजूंनीं पुष्कळ बोललें गेलें आहे, आणि तें प्रकरण आजच्या वेळांत आटोपणारें नाहीं.

जातां जातां एक लहानशी गोष्ट. रस्ता खणलेला असतो तेथें हल्लीं पाटी दिसते, ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’. क्षमस्व हें संस्कृत आज्ञार्थाचें एकवचन. ‘तूं क्षमा कर’ एवढाच त्याचा अर्थ. कित्येकजण त्याला नाम समजून ‘क्षमस्व मागतों’ असेंहि लिहितात. व्याकरणाला तें रुचणार नाहीं. पण त्या पाटींत निदान एक ‘तूं’ आहे, हें मी तिच्या बाजूनें नोंदवितों. याहून जुनी पाटी व्यापाऱ्यांची. बिलाच्या तळाशीं बारीक अक्षरांत ‘चु. भू. द्या. घ्या.’ असें छापलेलें आपण पाहतां. चूकभूल द्यावी घ्यावी. आंकड्यांत आमचें अधिक आलें असेल तर परत मागा, उणें आलें असेल तर आणून द्या. आतां बिलें यंत्रावर निघतात, बेरीज यंत्रच करतें, तरी पुष्कळ दुकानदार तीं चार अक्षरें तशींच छापून घेतात.